बिट-क्षेत्र

बिट-क्षेत्र : संगणकाच्या स्मृतीतील एका बाइटाचे किंवा शब्दाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागात स्वतंत्र अर्थाची संख्या साठविली असता अशा प्रत्येक भागाला बिट-क्षेत्र म्हणतात. बिट म्हणजे द्विमान पद्धतीतील ० किंवा १ हा अंक. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि दोन, चार किंवा आठ बाइट मिळून यंत्राचा एक शब्द होतो [⟶ संगणक]. एका आज्ञावली भाषेत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या भाषेत उतरविताना बिट-क्षेत्रांची हाताळणी हा विशेष अडचणीचा विषय ठरतो. क्षेत्रांची नावे व त्यांची रुंदी मूळ आज्ञावलीत स्पष्टपणे लिहिलेली असतात. परंतु ती शब्दाच्या कोणत्या टोकापासून मांडावयाची, हे पुष्कळदा तीत लिहिलेले नसते. ते कंपायलर म्हणजे उच्च स्तरीय भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली ठरविते. त्यामुळे ओळीला ओळ लावून केलेले भाषांतर वाचताना निर्दोष दिसले, तरी चालविताना चुकीचे ठरू शकते.

स्वरूप : ज्या राशीच्या किमती थोड्या असतात, तिला संपूर्ण शब्द लागत नाही. महिन्याचा दिवस ३१ च्या पुढे जात नसल्याने त्यास ५ बिट पुरतात, महिन्यास ४ बिट पुरतात. एमएस-डॉस या कार्यप्रणालीने रूढ केलेल्या व पेन ड्राइव्ह, स्मृतिपत्रे यांत आजही आढळणाऱ्या फॅट या फाइल-व्यवस्थेत फाइलीची तारीख १६ बिटांच्या एकाच शब्दात मावते. उजवीकडील ५ बिट दिवसाचे, त्यापुढील ४ बिट महिन्याचे व डावीकडील ७ बिट १९८० पासून लोटलेल्या वर्षांचे असतात. ७ बिटांत ० ते १२७ एवढ्याच संख्या मावत असल्याने या पद्धतीने १९८० ते २१०७ या कालावधीतीलच तारखा लिहिता येतात.

अशा शब्दाचे मूल्य साध्या अंकगणिताने काढता येते. दिवसाची संख्या तशीच घ्यावयाची, महिन्याच्या संख्येला ३२ ने (५ बिटांसाठी) व वर्षाच्या संख्येला ५१२ ने (९ बिटांसाठी) गुणावयाचे आणि तिन्हींची बेरीज करावयाची. उदा., १७ ऑक्टोबर २०२५ ही तारीख ४५ × ५१२ + १० × ३२ + १७ = २३,३७७ अशी साठविली जाते. उलट दिशेने २३,३७७ ला ५१२ ने भागल्यास भागाकार ४५ व बाकी ३३७ उरते; ३३७ ला ३२ ने भागल्यास भागाकार १० व बाकी १७ उरते. यंत्रात हाच गुणाकार बिट डावीकडे सरकवून, भागाकार उजवीकडे सरकवून आणि बाकी काढण्याचे काम मास्क लावून केले जाते. नको असलेल्या बिटांच्या जागी ० व हव्या असलेल्या बिटांच्या जागी १ असलेल्या संख्येला मास्क म्हणतात. मूळ शब्द व मास्क यांच्यात ‘आणि’ ही तार्किक क्रिया केली असता हवे तेवढेच बिट शिल्लक राहतात. हे अंकगणित कोणत्याही भाषेत व कोणत्याही यंत्रावर सारखेच उत्तर देते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इतिहास : १९५०–७० या काळात संगणकाची स्मृती महाग व अल्प असे. त्यामुळे एका शब्दात अनेक राशी बसविणे ही निकड होती व यंत्रभाषेत लिहिणारे ते काम सरक-आज्ञा वापरून स्वतःच करीत. उच्च स्तरीय भाषा प्रचारात आल्यावर हे काम भाषेकडे सोपविण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकी हवाई दलाच्या वापरातील जोव्हिअल भाषेत क्षेत्र शब्दातील कितव्या बिटापासून सुरू होते हे सांगण्याची सोय होती. पीएल/वन भाषेत बिटांच्या माळेला स्वतंत्र प्रकाराचे स्थान मिळाले. निक्लाउस व्हिर्ट यांच्या पास्कल भाषेत (१९७०) नोंद ‘दाटीने भरलेली’ असावी एवढेच सांगता येई. ती कशी भरावयाची हे कंपायलरवर सोपविलेले होते. फोर्ट्रान भाषेला बिट काढण्याची व सरकविण्याची प्रमाणित फलने १९७८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका मानकाने जोडली व पुढे ती फोर्ट्रान-९० मध्ये समाविष्ट झाली.

बिट-क्षेत्र ही संज्ञा सर्वाधिक रूढ झाली ती सी भाषेमुळे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ही भाषा तयार केली. ब्रायन कर्निगन व रिची यांच्या १९७८ मधील ग्रंथात बिट-क्षेत्रांचे वर्णन असून ती यंत्रपरत्वे वेगळी मांडली जातात असा इशाराही त्यात दिलेला आहे. १९८९ मध्ये सी भाषेचे अमेरिकी राष्ट्रीय मानक तयार झाले, तेव्हाही ही मोकळीक कायम ठेवण्यात आली. याच्या उलट, १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या अडा या भाषेत प्रत्येक क्षेत्राचे बाइटातील स्थान व बिटांची कक्षा आज्ञावलीतच लिहिण्याची सोय करण्यात आली.

स्मृती स्वस्त झाल्यावर जागा वाचविण्याचे कारण मागे पडले. तथापि बिट-क्षेत्रे नाहीशी झाली नाहीत. उपकरणांच्या नोंदवह्या, संदेशवहनाचे नियम व फाइलींचे आकृतिबंध यांत ती कायमची गोठली आहेत. यावरून बिट-क्षेत्रांचे दोन वर्ग पडतात : केवळ जागा वाचविण्यासाठी योजलेली अंतर्गत क्षेत्रे आणि दोन यंत्रांमधील वा संस्थांमधील कराराचा भाग असलेली बाह्य क्षेत्रे. भाषांतरात पहिल्या वर्गाची क्षेत्रे बहुधा साध्या चलांत रूपांतरित करता येतात. दुसऱ्या वर्गातील एकही बिट हलविता येत नाही.

क्रमाचा प्रश्न : अनेक बाइटांची संख्या स्मृतीत ठेवताना मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवावा की लहान स्थानमूल्याचा, याविषयी यंत्रनिर्मात्यांत एकमत नाही. आयबीएमच्या ३६० मालिकेत (१९६४) व मोटोरोला ६८००० या प्रक्रियकात (१९७९) मोठा बाइट आधी येतो; इंटेल ८०८६ (१९७८) व त्याच्या वंशातील प्रक्रियकांत लहान बाइट आधी येतो. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या वादाला जोनाथन स्विफ्ट यांच्या गलिव्हरच्या प्रवासकथेतील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्या दोन पक्षांची नावे दिली. तेव्हापासून ‘बिग-एंडियन’ व ‘लिटल-एंडियन’ या संज्ञा रूढ झाल्या आहेत.

बाइटांच्या क्रमाखेरीज बिटांना क्रमांक देण्याची रीतही भिन्न असते. काही यंत्रांच्या व मानकांच्या दस्तऐवजांत सर्वांत उजवीकडील बिटाला ० म्हणतात, तर पॉवरपीसीच्या दस्तऐवजांत सर्वांत डावीकडील बिटाला ० हा क्रमांक असतो. ‘बिट ० ते ४’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यातून काहीच निश्चित होत नाही.

सी भाषेचे मानक पुढील गोष्टी कंपायलरवर सोपविते : (१) क्षेत्रे शब्दाच्या उजव्या टोकापासून भरावयाची की डाव्या, (२) उरलेल्या जागेत न मावणारे क्षेत्र दोन शब्दांत विभागावयाचे की नव्या शब्दात न्यावयाचे, (३) चिन्हाविषयी काहीच न सांगितलेले साधे पूर्णांक क्षेत्र ऋण किमती घेते की नाही. इंटेल वंशाच्या यंत्रांवर सामान्यतः उजव्या टोकापासून, तर मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रांवर डाव्या टोकापासून क्षेत्रे भरली जातात. एकाच प्रक्रियकावर चालणारे दोन कंपायलरही दुसऱ्या बाबतीत वेगळे वागतात. इंटरनेट संदेशाच्या शीर्षकातील पहिल्या बाइटात ४ बिटांची आवृत्ती व ४ बिटांची शीर्षकलांबी असते. नेहमीच्या संदेशात हा बाइट ६९ असतो, म्हणजे आवृत्ती ४ व लांबी ५. क्षेत्रे उलट लावल्यास आवृत्ती ५ व लांबी ४ असे वाचले जाते. लिनक्स कार्यप्रणालीच्या आज्ञावलीत या कारणास्तव हीच दोन क्षेत्रे दोन्ही क्रमांनी लिहिलेली असून यंत्रानुसार त्यांतील एक क्रम निवडला जातो.

विमानातील संदेशवाहिनी : क्रमाच्या चुकीचे परिणाम किती दूरवर जातात, हे विमानांतील उपकरणांच्या परस्पर संदेशवहनावरून स्पष्ट होते. नासिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड या कंपनीचा विमाननिर्मिती विभाग १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या उत्पादनासाठी स्थापन झाला. त्याच योजनेत एंजिनांचा कारखाना कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनीय उपकरणांचा हैदराबाद येथे उभारण्यात आला. पुढे मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय ही विमाने ओझर येथे तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे जुळणी केलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले. सुखोई-३० एमकेआय मध्ये रशियन, भारतीय, फ्रेंच व इझ्राएली उपकरणे एकत्र काम करतात. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्यांना एकमेकींचे संदेश कळावेत यासाठी ‘१५५३बी’ या अमेरिकी लष्करी मानकाची (१९७८) संदेशवाहिनी वापरली जाते. तेजस विमानातही तीच आहे.

या वाहिनीवर दर सेकंदास दहा लाख बिट या वेगाने संदेश जातात. प्रत्येक शब्द २० बिटांच्या कालावधीचा असतो : ३ बिटांचा काल समकालनासाठी, १६ बिट माहितीसाठी व १ बिट विषम समता तपासण्यासाठी. नियंत्रकाकडून निघणाऱ्या आदेश-शब्दाचे १६ बिट डावीकडून पुढीलप्रमाणे वाटलेले असतात : उपकरणाचा पत्ता ५ बिट, दिशा १ बिट (० असल्यास उपकरणाने माहिती स्वीकारावी, १ असल्यास पाठवावी), उपपत्ता ५ बिट, माहिती-शब्दांची संख्या ५ बिट. शब्दसंख्येच्या जागी पाचही शून्ये असल्यास तिचा अर्थ ३२ असा घ्यावयाचा असतो. क्षेत्रे बाहेर काढणाऱ्या आज्ञावलीला हा अपवाद स्वतंत्रपणे सांभाळावा लागतो.

समजा, ‘क्रमांक ५ च्या उपकरणाने उपपत्ता ३ वर १६ शब्द स्वीकारावेत’ असा आदेश आहे. त्याचे बिट ००१०१ ० ०००११ १०००० असे होतात व एकत्रित मूल्य १०,३५२ येते. मूळ आज्ञावली डाव्या टोकापासून क्षेत्रे भरणाऱ्या यंत्रावर लिहिलेली असून तिचे भाषांतर उजव्या टोकापासून भरणाऱ्या यंत्रासाठी केले व क्षेत्रांचा क्रम जसाच्या तसा उतरविला, तर याच १६ बिटांचा अर्थ बदलतो. दोन बाइटांची अदलाबदल झाल्यास तो आणखी वेगळ्या रीतीने बदलतो.

कोष्टक : १०,३५२ या आदेश-शब्दाची तीन वाचने

| वाचनाची रीत | उपकरण | दिशा | उपपत्ता | शब्दसंख्या |
|---|---|---|---|---|
| मानकाप्रमाणे | ५ | स्वीकार | ३ | १६ |
| क्षेत्रे उलट टोकापासून | १६ | पाठवणी | १ | ५ |
| बाइटांची अदलाबदल | १४ | स्वीकार | १ | ८ |

कोष्टकातील तिन्ही ओळी अर्थपूर्ण व संभवनीय आहेत. तिसऱ्या किंवा दुसऱ्या ओळीत कोणतीही किंमत मर्यादेबाहेरची नाही, त्यामुळे मर्यादा तपासणाऱ्या आज्ञावलीला दोष आढळत नाही. समता-बिट वाहिनीवरील प्रवासात बिट बिघडला किंवा नाही एवढेच सांगतो. चुकीच्या रीतीने तयार केलेल्या शब्दालाही यंत्रणा योग्य समता-बिट जोडून देते. बिट-क्षेत्रांतील चुकीचे हे मुख्य लक्षण होय : ती यंत्र थांबवीत नाही, विश्वसनीय दिसणारे परंतु खोटे उत्तर देते. विमानाचा सांगाडा तीन-चार दशके सेवेत राहतो, तर त्यातील प्रक्रियक त्यापूर्वीच कालबाह्य होऊन बदलावे लागतात. म्हणून विमानांच्या आज्ञावल्या नव्या यंत्रांवर वा भाषांत नेणे हे काम त्यांच्या आयुष्यात एकापेक्षा अधिक वेळा उद्भवते.

प्रवासी विमानांत प्रचलित असलेल्या एरिंक-४२९ या मानकात दुसऱ्या प्रकारची गुंतागुंत आढळते. त्यातील ३२ बिटांच्या शब्दात ८ बिटांची ओळख-चिठ्ठी, २ बिटांचा स्रोतदर्शक, १९ बिटांची माहिती, २ बिटांची स्थितिदर्शक खूण व १ समता-बिट असतो. चिठ्ठीचा क्रमांक अष्टमान पद्धतीने लिहितात व तिचे बिट उरलेल्या शब्दाच्या तुलनेत उलट क्रमाने मांडलेले असतात. उदा., वायुदाबावरून काढलेल्या उंचीची चिठ्ठी अष्टमान २०३ अशी आहे. तिचे आठ बिट उलटविल्यास ३०१ ही वेगळीच चिठ्ठी होते. एकाच शब्दातील दोन क्षेत्रे परस्परविरुद्ध दिशांनी वाचावयाची असल्याने संपूर्ण शब्दास लागू पडेल असा एकच नियम येथे चालत नाही.

पारपत्रातील उदाहरण : नासिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात भारतीय पारपत्रे छापली जातात. भारतात १ एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक रीत्या देण्यात येऊ लागलेल्या ई-पारपत्रात एक इलेक्ट्रॉनीय चकती बसविलेली असते. तीतील माहितीचा आकृतिबंध आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजाने ठरवून दिलेला आहे. त्यानुसार माहितीच्या प्रत्येक गटाच्या आरंभी ओळख-बाइट असतो. त्याचे डावीकडील २ बिट वर्ग दर्शवितात, त्यापुढील १ बिट गटात पोटगट आहेत की नाहीत हे सांगतो व उरलेले ५ बिट क्रमांकाचे असतात. पारपत्रधारकाचे नाव, जन्मतारीख इत्यादी असलेल्या पहिल्या गटाचा बाइट ९७ असतो : ०१ १ ००००१, म्हणजे वर्ग १, पोटगट आहेत, क्रमांक १. तीच क्षेत्रे उजव्या टोकापासून वाचल्यास वर्ग १ हाच राहतो, परंतु पोटगट नाहीत व क्रमांक १२ असे निघते. एक क्षेत्र बरोबर येत असल्याने ही चूक अधिकच फसवी ठरते. नासिकला तयार झालेले पारपत्र जगातील कोणत्याही विमानतळावर, कोणत्याही भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीला वाचता आले पाहिजे. अर्थात बिटांच्या मांडणीचा अधिकार दस्तऐवजाकडे असतो, भाषेकडे नसतो.

भाषांतील भेद : भाषांतर कोणत्या भाषेत करावयाचे आहे यावर अडचणीचे स्वरूप अवलंबून असते. तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणासाठी अडा भाषेचा मर्यादित व सुरक्षित भाग वापरलेला आहे. अडामध्ये क्षेत्राची जागा स्पष्ट लिहिता येत असल्याने हेतू दस्तऐवजाइतकाच उघड राहतो. १९९५ च्या आवृत्तीपासून बिट मोजण्याची दिशाही सांगता येते. मात्र त्यामुळे बिटांचे क्रमांक बदलतात, स्मृतीतील बाइटांचा क्रम आपोआप बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. अडातून सी भाषेत येताना ही सर्व माहिती पुसली जाण्याचा धोका असतो.

१९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावा भाषेत बिट-क्षेत्रे नाहीत. तिच्यातील बाइट नेहमी चिन्हयुक्त असल्याने २२४ ही किंमत −३२ म्हणून समोर येते व सरकविण्यापूर्वी २५५ हा मास्क लावावा लागतो. उजवीकडे सरकविण्याच्या दोन क्रिया असून एक चिन्ह राखते, दुसरी डावीकडे शून्ये भरते. सी मध्ये हा भेद राशीच्या प्रकारावरून ठरतो. पायथनमधील पूर्णांकांना रुंदीची मर्यादा नसते. त्यामुळे डावीकडे सरकविलेले बिट सी भाषेप्रमाणे गळून पडत नाहीत, संख्या वाढत जाते व मास्क न लावल्यास निराळे उत्तर येते. रस्ट, गो व सी शार्प या भाषांतही सी भाषेसारखी बिट-क्षेत्रे नाहीत. तेथे सरक व मास्क यांवर आधारित फलने लिहावी लागतात किंवा ती तयार करून देणारी साधने वापरावी लागतात. दूरध्वनी केंद्रांसाठी निर्माण झालेल्या अर्लांग भाषेत याउलट बिटांच्या मांडणीसाठी खास लेखनपद्धती आहे. तीत क्षेत्रे डावीकडून लिहिलेल्या क्रमानेच वाचली जातात व आधी मोठा बाइट हा क्रम गृहीत धरलेला असतो, त्यामुळे मानकातील आकृती जवळजवळ तशीच उतरविता येते.

चिन्ह व मर्यादा : क्षेत्राच्या रुंदीला काही वेळा आज्ञावलीच्या वागणुकीतही स्थान असते. ३ बिटांचा चिन्हरहित गणित्र ७ नंतर पुन्हा ० वर येतो. भाषांतरात त्याचे साध्या पूर्णांकात रूपांतर केल्यास ७ नंतर ८ येतो व संदेशांचा अनुक्रम तपासणारा भाग बिघडतो. चिन्हयुक्त क्षेत्रात सर्वांत डावीकडील बिट ऋण असतो. ३ बिटांत १११ म्हणजे ७ नव्हे, तर −१. एकाच बिटाचे चिन्हयुक्त क्षेत्र ० आणि −१ एवढ्याच किमती घेऊ शकते. अशा क्षेत्रात १ साठवून ‘ते १ आहे काय’ असे विचारले असता उत्तर नकारार्थी येते. अरुंद ऋण संख्या रुंद चलात नेताना डावीकडे तिचा चिन्ह-बिट भरणे आवश्यक असते. शून्ये भरल्यास शून्याखालील तापमान कडक उष्णतेचे दिसू लागते.

लगतची क्षेत्रे एकाच शब्दात असण्याचाही परिणाम होतो. एक क्षेत्र बदलण्यासाठी यंत्र संपूर्ण शब्द वाचते, बदलते व परत लिहिते. दोन समांतर प्रक्रिया लगतच्या दोन क्षेत्रांत एकाच वेळी लिहू लागल्यास एकीचे लिखाण पुसले जाऊ शकते. उलटपक्षी, भाषांतरात ती दोन स्वतंत्र चले केल्यास हा धोका टळतो. परंतु दोन्ही किमती एकाच क्षणाच्या असण्याची जी हमी एका शब्दामुळे मिळत होती ती नाहीशी होते. उपकरणांच्या काही नोंदवह्यांत केवळ वाचण्यानेही बिट पुसले जातात. अशा ठिकाणी शब्द किती वेळा वाचला जातो, हेही मूळ आज्ञावलीप्रमाणे राखावे लागते.

भाषांतराची रीत : वरील विवेचनावरून पुढील कार्यपद्धती निष्पन्न होते. प्रथम प्रत्येक क्षेत्र अंतर्गत आहे की बाह्य हे ठरवावे. बाह्य क्षेत्रांसाठी मूळ आज्ञावलीला प्रमाण न मानता मानकाचा दस्तऐवज आधारास घ्यावा. दस्तऐवज उपलब्ध नसल्यास मूळ यंत्रावर एका वेळी एकेक क्षेत्र भरून संपूर्ण शब्दाचे मूल्य नोंदवावे व त्यावरून मांडणीचा तक्ता तयार करावा. तक्त्यात क्षेत्राचे नाव, रुंदी, उजवीकडून स्थान, चिन्ह व बाइटांचा क्रम या पाचही बाबी असाव्यात. त्यानंतर बाहेरून आलेले बाइट क्रमाने घेऊन त्यांपासून चिन्हरहित संख्या तयार करावी आणि क्षेत्रे सरक व मास्क यांच्या साहाय्याने काढावीत. ही फलने आज्ञावलीत एकाच जागी ठेवावीत व इतरत्र साधी चले वापरावीत. परत लिहिताना, दस्तऐवजात निराळा नियम नसल्यास, राखीव बिट जसे आले तसेच ठेवावेत. आज निरर्थक असलेल्या बिटांना मानकाच्या पुढील आवृत्तीत अर्थ प्राप्त होऊ शकतो.

तपासणीसाठी निवडलेल्या किमतींना विशेष महत्त्व आहे. सर्व बिट ० किंवा सर्व बिट १ असलेल्या शब्दाने क्रमाची चूक कधीच उघड होत नाही, कारण तो कोणत्याही दिशेने सारखाच वाचला जातो. प्रत्येक क्षेत्रात वेगळी व उलटविल्यास बदलणारी किंमत असावी. एकच बिट १ ठेवून तो क्रमाने सर्व स्थानांतून फिरविणे ही खात्रीची रीत होय. याखेरीज जुन्या आज्ञावलीने लिहिलेले शब्द नवीने वाचावेत व नवीने लिहिलेले जुनीने वाचावेत. नव्या आज्ञावलीने स्वतःच लिहिलेले स्वतःच वाचून पाहणे पुरेसे नसते. दोन्ही वेळा एकच चूक झाल्यास ती परस्परांना झाकते.

सुघटित आकृतिबंधाचे उदाहरण : क्रमाचा प्रश्न मुळातच उद्भवू नये अशी रचना करता येते, हे यूटीएफ-८ या लिपिसंकेताने दाखवून दिले आहे. केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी तो १९९२ मध्ये तयार केला. आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत देवनागरी ‘न’ या अक्षराचा क्रमांक २,३४४ आहे. त्याचे १६ बिट ४, ६ व ६ असे विभागून ०, ३६ व ४० या संख्या मिळतात. पहिलीत २२४ व उरलेल्या दोहोंत प्रत्येकी १२८ मिळविल्यावर २२४, १६४ व १६८ हे तीन बाइट होतात आणि ते याच क्रमाने पाठविले जातात. येथे क्षेत्रांची व्याख्या बाइटांच्या क्रमावर व अंकगणितावर आधारलेली असून यंत्राच्या स्मृतीतील मांडणीचा तीत उल्लेखच नाही. म्हणून मराठी मजकूर मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रावरून लहान बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रावर, तसेच सी भाषेतून जावा वा पायथनमध्ये नेला तरी ‘नासिक’ हा शब्द ‘नासिक’च राहतो.

महत्त्व : जुनी आज्ञावली वर्षानुवर्षे बिनचूक चालली आहे, एवढ्यावरून ती नव्या ठिकाणीही बिनचूक चालेल असे म्हणता येत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हा युरोपीय प्रक्षेपक उड्डाणानंतर सु. ४० सेकंदांत नष्ट झाला. अडा भाषेत लिहिलेला व एरियान-४ मध्ये यशस्वी ठरलेला आज्ञावलीचा एक भाग त्यात तसाच घेतला होता. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग अधिक असल्याने ६४ बिटांच्या एका अपूर्णांकी संख्येचे १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात रूपांतर करताना ती मावली नाही. हा अपघात बिट-क्षेत्रांमुळे झालेला नव्हता. तथापि राशीची रुंदी हे जुन्या परिस्थितीचे अलिखित गृहीतक असते आणि स्थलांतरात तेच प्रथम मोडते, हे त्यावरून दिसून आले. बिट-क्षेत्रांत अशी गृहीतके रुंदी, क्रम, दिशा व चिन्ह या चारही बाबतींत दडलेली असतात. ती शोधून काढून उघडपणे लिहिणे हेच या प्रकारच्या भाषांतराचे मुख्य कार्य होय. शब्दरचना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरविण्याचे काम त्यानंतरचे आहे.